तंबाखू सोडायची आहे, पण सोडवणार कोण? महापालिकेच्या बजेटमधल्या एका ओळीबद्दल

हे वाचता वाचता एक छोटी तपासणी करा. आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं (तर्जनी, मधलं बोट, अनामिका) एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही बोटं सहज गेली तर ठीक. दोनच गेली आणि तुम्ही सुपारी, गुटखा, मावा किंवा तंबाखू खात असाल, तर या आठवड्यात डॉक्टरांना किंवा दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा.

काही दिवसांपूर्वी ओपीडीत एक टेम्पोचालक आले होते. वय अडतीस. तक्रार एवढीच की जेवणात थोडंही तिखट असलं तरी तोंडाची आग होते. तोंड उघडायला सांगितलं तर जेमतेम दीड बोट आत जात होतं. गालाच्या आतली त्वचा पांढरट, कडक, पुठ्ठ्यासारखी झालेली. याला आम्ही सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. ही कर्करोगाच्या आधीची पायरी आहे. सगळ्यांना पुढे कॅन्सर होतो असं नाही, पण धोका नक्की वाढतो.

"कधीपासून खाता?"

"झाली पंधरा वर्षं."

"सोडायचा प्रयत्न केला का?"

"तीनदा केला, डॉक्टर. एकदा तर बावीस दिवस हात नव्हता लावला."

"कुणाची मदत घेतली होती?"

"बायकोने शपथ घातली होती."

या पंधरा वर्षांत हा माणूस दवाखान्याच्या पायऱ्या कितीदा चढला असेल? तापासाठी, पाठदुखीसाठी, वडिलांच्या टीबीच्या गोळ्यांसाठी, बायकोच्या दोन बाळंतपणांसाठी. दर वेळी त्याच्या समोर कुणीतरी आरोग्य कर्मचारी बसलेला होता. 'तंबाखू खाता का?' हे दोघातिघांनी विचारलं. 'खाऊ नका' असंही सांगितलं. पण 'कशी सोडायची ते या खोलीत, या माणसाकडून, फुकट शिकून घ्या' असं कुणी सांगितलं नाही. मग शेवटी आधार उरला तो शपथेचा.

आजचा लेख या राहून गेलेल्या वाक्याबद्दल आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: तंबाखूपासून मुलांना दूर ठेवणं आणि खाणाऱ्यांना सोडायला मदत करणं हे शहराचं काम आहे, आणि त्यासाठी महापालिकेच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र, ठरलेली, दर वर्षी टिकणारी रक्कम असायला हवी. उदाहरण मुंबईचं घेतलं आहे, पण पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही महापालिकेला ते लागू पडतं.

सोडणं इतकं अवघड का असतं?

आधी एक गैरसमज दूर करू. तंबाखू न सुटणं म्हणजे मन कमकुवत असणं नव्हे. तंबाखूतलं निकोटीन मेंदूतल्या विशिष्ट पेशींवर काम करतं आणि काही क्षण बरं वाटायला लावतं. रोज दहा-बारा वेळा हे घडत राहिलं की मेंदू त्या पुरवठ्याची सवय लावून घेतो. मग तो थांबला की चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं, बद्धकोष्ठता, कामात लक्ष न लागणं हे सगळं सुरू होतं. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. पण त्यानंतरही चहाचा कप, नाक्यावरचा मित्र, रात्रपाळी, घरातलं भांडण यांपैकी काहीही घडलं की हात आपोआप पुडीकडे जातो.

म्हणजे सवय दोन ठिकाणी रुजलेली असते: मेंदूच्या रसायनात आणि दिवसाच्या वेळापत्रकात. शपथ यातल्या एकाही ठिकाणी पुरेशी पोहोचत नाही.

आणि लोकांना सोडायचं नसतं, असंही नाही. २०१६-१७ साली आपल्या देशात प्रौढांच्या तंबाखूवापराची मोठी पाहणी झाली, 'गॅट्स-२' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के, स्त्रियांत १७ टक्के. धूम्रपान करणारे राज्यात फक्त ३.८ टक्के होते आणि खाण्याची, लावण्याची किंवा चघळण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न सिगारेटपेक्षा मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा आणि मावा यांचा जास्त आहे. हे पुढे पैसे कुठे खर्चायचे ते ठरवताना लक्षात ठेवायचं आहे.

त्याच पाहणीत देशभरातल्या चघळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक सोडायचा विचार करत होते, आणि एक तृतीयांश लोकांनी मागच्या वर्षभरात प्रयत्नही केला होता. पण प्रयत्न करणाऱ्या दहापैकी सात जणांनी तो कुणाच्याही मदतीशिवाय केला. आमचे टेम्पोचालक त्या सातांतले एक.

मदत मिळाली तर खरंच फरक पडतो का?

पडतो. पण तो किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण सार्वजनिक पैसा मागायचा तर अतिशयोक्ती चालणार नाही.

स्वतःच्या बळावर सोडणाऱ्या शंभर लोकांपैकी वर्षभराने साधारण तीन ते पाच जण सोडलेले राहतात. डॉक्टरांनी दोन-तीन मिनिटं नीट सल्ला दिला तर त्यात एक-दोन जणांची भर पडते. आकडा लहान वाटतो, पण दवाखान्यात रोज शेकडो माणसं येतात आणि या सल्ल्याला जवळपास काहीच खर्च येत नाही. प्रशिक्षित समुपदेशकाशी चार-पाच भेटी आणि त्या जोडीला औषध असं दोन्ही मिळालं, तर यश दुप्पट-तिप्पट होऊ शकतं.

औषधं कुठली? निकोटीनचा गम, चघळायच्या गोळ्या आणि त्वचेवर लावायची पट्टी. यांतून निकोटीन मिळतं, पण तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्यं मिळत नाहीत. शिवाय डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हॅरेनिक्लीन किंवा ब्युप्रोपिऑन ही औषधं देता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली, तिच्यात या सगळ्यांची शिफारस आहे. भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही निकोटीनच्या पर्यायी औषधांचा समावेश झाला. सरकारच ज्या औषधांना अत्यावश्यक म्हणतं, ती सरकारी दवाखान्यात सहज मिळावीत ही अपेक्षा जास्त नाही.

एक बारकावा सांगते. गम आणि पट्टी यांचा फायदा सिगारेट-विडी ओढणाऱ्यांमध्ये भक्कमपणे सिद्ध झालेला आहे. चघळण्याच्या तंबाखूत समुपदेशनाचा पुरावा गमपेक्षा मजबूत आहे. आणि ज्याचं तोंडच उघडत नाही, त्याला गम चघळायला सांगून काय उपयोग? म्हणून आपल्या शहरांत पैसा आधी माणसांवर, म्हणजे समुपदेशकांवर, आणि मग औषधांवर खर्च व्हायला हवा. परदेशातली योजना जशीच्या तशी उचलून चालणार नाही, ती इथे.

मुलांच्या बाबतीत तर मुंबईतलाच दाखला आहे. सलाम बॉम्बे फाउंडेशन ही संस्था महापालिकेच्या शाळांमध्ये २००२ पासून काम करते. तिच्या कार्यक्रमाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवी-नववीच्या मुलांवर होता. कार्यक्रम राबवलेल्या शाळांत मागच्या महिन्याभरात तंबाखू वापरलेली मुलं ४.१ टक्के आढळली, आणि जिथे कार्यक्रम नव्हता तिथे ८.७ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. नुसतं 'तंबाखू वाईट' असं फळ्यावर लिहून हे झालं नाही. मित्राने पुडी पुढे केली तर नाही कसं म्हणायचं, हे मुलांकडून वारंवार करून घेतलं गेलं.

मग महापालिकाच का?

तुम्ही म्हणाल, राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आहे ना? आहे. २००७-०८ पासून आहे. जिल्हा पातळीवर त्याचे कक्ष आहेत, समुपदेशन केंद्रं आहेत. राष्ट्रीय क्विटलाइन आहे. ते सगळं हवंच. पण मोठ्या शहरात माणूस रोज ज्या दारातून आत जातो ते दार महापालिकेचं असतं.

मुंबईत केईएम, सायन, नायर आणि कूपर ही मोठी रुग्णालयं महापालिका चालवते. नायर दंत महाविद्यालय तिचंच. उपनगरांतली रुग्णालयं, प्रसूतिगृहं, वस्तीतले दवाखाने, दोनशेच्या वर 'आपला दवाखाना' केंद्रं, टीबीची केंद्रं, शाळा, आणि घरोघर जाणाऱ्या आरोग्य सेविका हे सगळं महापालिकेकडे आहे. तंबाखू सोडवायला लागणारी इमारत, खुर्ची, केसपेपर आणि रुग्ण आधीच तिथे आहेत. नाही तो फक्त त्या कामासाठी नेमलेला माणूस आणि त्याच्या कपाटातली औषधं.

प्रसूतिगृहाचंच उदाहरण घ्या. मुंबईतल्या गर्भवती स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यात धूरविरहित तंबाखू, बहुतेक करून मशेरी, वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोकाही वाढलेला दिसला. मशेरीला आपल्याकडे व्यसन मानतच नाहीत. 'दात घासायला लावते' एवढंच बाई सांगते. तिला 'तंबाखू खाता का?' असं विचारलं तर ती खरं तेच बोलते: नाही. 'मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?' हे विचारणारी प्रशिक्षित परिचारिका हवी. तो एक प्रश्न विचारायला शिकवण्याचा खर्च किती असेल?

आता पैशाचा रस्ता पाहू. तंबाखूवरचा कर केंद्र आणि राज्य सरकारकडे जातो. जकात होती तेव्हा मुंबईत येणाऱ्या मालावर महापालिकेला थेट पैसे मिळत. २०१७ साली जीएसटी आला आणि जकात गेली, तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई मिळते. त्यामुळे पुडी विकली गेली की कर एका तिजोरीत जातो, आणि पंधरा वर्षांनी त्याच पुडीचा रुग्ण येतो तो महापालिकेच्या वॉर्डात. तोंडाचा कॅन्सर, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, दम्यासारखा फुप्फुसांचा आजार, धूम्रपानाने वाढणारा टीबी, हे सगळं बिल शहराच्या नावावर फाटतं. ज्याच्या नावावर बिल फाटतं, त्याने ते कमी करायची सोय करणं शहाणपणाचंच आहे.

हिशेब मांडून पाहू

तंबाखूमुळे देशाला किती भुर्दंड बसतो याचा एक अभ्यास उपलब्ध आहे. २०१७-१८ या वर्षात ३५ वर्षांवरच्या लोकांमध्ये तंबाखूमुळे झालेले आजार आणि मृत्यू यांची किंमत १,७७,३४१ कोटी रुपये निघाली. हे देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहून अधिक होतं. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून त्याआधीच्या वर्षी मिळालेली रक्कम या नुकसानीच्या फक्त १२ टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा 'तंबाखूमुळे सरकारला उत्पन्न मिळतं' हे वाक्य पुन्हा ऐकलंत, तर हा आकडा आठवा.

तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारखर्चाचा अभ्यास टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केला आहे. रोग पुढच्या टप्प्यात असेल तर एका रुग्णामागे सुमारे दोन लाख रुपये, लवकर सापडला तर सव्वा लाखाच्या आत. यात कुटुंबाची बुडालेली मजुरी आणि गावाहून येण्याजाण्याचा खर्च धरलेला नाही.

आता कार्यक्रमाला किती लागेल? हा माझा अंदाज आहे, महापालिकेचा आकडा नव्हे. समजा, संपूर्ण मुंबईसाठी शंभर समुपदेशक नेमले. महिना तीस हजार धरले तर वर्षाला ३ कोटी ६० लाख. प्रत्येकाने वर्षात दोनशे लोकांना पाच-पाच भेटी दिल्या तर कामाच्या दिवशी चार भेटी होतात, म्हणजे भार फार नाही. एकूण वीस हजार लोक झाले. त्यांच्या औषधांसाठी सरासरी दोन हजार रुपये धरले तर ४ कोटी. प्रशिक्षण, शाळांमधलं काम आणि नोंदी ठेवणं यासाठी २ कोटी ४० लाख. सगळे मिळून १० कोटी.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, त्यातला सुमारे दहावा हिस्सा आरोग्याचा. १० कोटी म्हणजे या एकूण बजेटमधल्या दर शंभर रुपयांमागे दीड पैशापेक्षाही कमी.

वीस हजारांपैकी फक्त दहा टक्के लोकांनी कायमची सोडली असं धरू. दोन हजार माणसं सुटली, प्रत्येकामागे पन्नास हजार खर्च झाला. या दोन हजारांपैकी प्रत्येकाला कॅन्सर झालाच असता असं नाही, त्यामुळे 'दोन लाख वाचले' असं सरळ गणित मांडणं चुकीचं ठरेल. पण एका माणसाने तंबाखू सोडली की कॅन्सर, हृदयविकार, गर्भारपणातला धोका असे अनेक धोके एकदम कमी होतात. त्याचं रोजच्या पुडीचं पैसे वाचणं वेगळं. आणि घरातल्या मुलासमोर बार भरणारा एक माणूस कमी होतो, त्याची तर किंमतच लावता येत नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ साली गरिबांच्या सरकारी विमायोजनेत तंबाखू सोडवण्याचे उपचार जवळजवळ मोफत दिले. अडीच वर्षांत त्या योजनेतल्या धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण ३८ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आलं. नंतरच्या हिशेबात खर्च केलेल्या दर डॉलरमागे हृदयविकाराच्या रुग्णालयीन उपचारांतले तीन डॉलरहून थोडे जास्त वाचले. आपले आकडे वेगळे असतील, पण दिशा तीच असेल असं मला वाटतं.

नेहमी ऐकू येणाऱ्या हरकती

"ज्याने खाल्ली त्याने भोगावं, माझ्या कराचे पैसे का?" राग समजतो. पण तो रुग्ण आजही तुमच्याच कराच्या पैशांतून उपचार घेतो, फक्त शेवटच्या टप्प्यावर, जेव्हा खर्च सर्वांत जास्त आणि उपयोग सर्वांत कमी असतो. प्रश्न पैसे द्यायचे की नाही हा नाहीच. आधी द्यायचे की नंतर, एवढाच आहे. शिवाय बहुतेकांनी पहिली पुडी घेतली तेव्हा ते मिसरूड न फुटलेली पोरं होती.

"सरळ बंदीच घाला." गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. गुटखा मिळायचा थांबला का, हे तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन तुम्हीच पाहा. बंदी हवीच, आणि ती नीट राबवायला हवी. २००३ च्या कोटपा कायद्याने शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, १८ वर्षांखालच्या मुलाला विकता येत नाही. बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण बंदीने पुरवठा कमी होतो, आधीच लागलेली तलफ जात नाही. ज्याला तलफ आहे तो चोरून, जास्त पैसे देऊन खातो.

"दंड करतोच की." रस्त्यावर थुंकणाऱ्याकडून दंड घ्यायला आपण माणूस नेमतो. त्याच माणसाला 'इथून दोन गल्ल्या सोडून दवाखान्यात जा, सुटायला मदत मिळेल' असं सांगता आलं तर दंडाच्या पावतीचा काही उपयोग होईल. पावतीच्या मागच्या बाजूला क्विटलाइनचा नंबर छापायला काय हरकत आहे?

"गम मेडिकलमध्ये मिळतो, घ्यावा विकत." दोन मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो हे खरं. पण तंबाखूची पुडी दहा-वीस रुपयांत दिवस काढते आणि तेवढ्यात गमच्या एक-दोन गोळ्या येतात. रोजंदारीवरचा माणूस आठ-दहा गोळ्यांचा रोजचा खर्च आठ आठवडे कुठून करणार? व्यसन स्वस्त आणि उपचार महाग, अशी रचना असेल तर निकाल आधीच लागलेला असतो.

पैसे द्यायचे तर दर वर्षी द्या

यातली सर्वांत मोठी भीती वेगळीच आहे. एक वर्ष गाजावाजा होतो, ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला रॅली निघते, फलक लागतात, आणि पुढच्या वर्षी रक्कम कापली जाते. ज्या मॅसॅच्युसेट्सचं कौतुक वर केलं, त्याच राज्याने त्याआधी २००३ च्या सुमारास तंबाखू प्रतिबंधाचा निधी नव्वद टक्क्यांहून अधिक कापला होता. दुकानांवरची तपासणी रोडावली आणि मुलांना सिगारेट विकण्याचे प्रकार पुन्हा वाढले.

याउलट न्यूयॉर्क शहराने २००२ पासून शहर म्हणून एकत्र पावलं उचलली: सिगारेटवरचा शहराचा कर वाढवला, हॉटेल-बारसकट कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद केलं, आणि हजारो लोकांना निकोटीनच्या पट्ट्या फुकट वाटल्या. २००२ मध्ये २१.५ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, २००४ मध्ये १८.४ टक्के. कर वाढवणं आपल्या महापालिकांच्या हातात नाही. पण अंमलबजावणी आणि उपचार या दोन गोष्टी आहेत.

म्हणून माझी मागणी तीन वाक्यांत सांगता येते. अर्थसंकल्पात 'तंबाखू प्रतिबंध आणि मुक्ती' असं स्वतंत्र शीर्ष असावं, म्हणजे यंदा किती ठेवले आणि किती खर्च झाले याचं उत्तर कुठल्याही नागरिकाला एका ओळीत मिळेल. ती रक्कम निदान पाच वर्षांसाठी ठरलेली असावी. आणि यश फलकांच्या संख्येवर न मोजता, सहा महिन्यांनी किती जणांची सुटलेली राहिली यावर मोजावं. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण मोजलं नाही तर हे पैसेही पोस्टरांत जातील, आणि मग मीच त्याविरुद्ध लेख लिहीन.

तुम्ही काय करू शकता?

अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो. अलीकडच्या काळात मुंबई महापालिकेने त्याआधी नागरिकांकडून लेखी सूचनाही मागवल्या आहेत. वरच्या तीन मागण्या तुमच्या शब्दांत लिहून पाठवा. तुमच्या नगरसेवकाला विचारा: 'आपल्या वॉर्डातल्या कुठल्या दवाखान्यात तंबाखू सोडवायला मदत मिळते? कुठल्या वारी, किती वाजता?' या प्रश्नाला पत्ता आणि वेळ असं उत्तर आलं नाही, तर उत्तर आलेलं नाही असं समजा.

आणि तुम्ही स्वतः खात असाल, तर बजेटची वाट पाहू नका. राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ हा आहे. फोन मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं, आणि हाच नंबर तुमच्या पुडीवरच्या चित्राखाली छापलेला असतो. सोडायचा दिवस ठरवा. त्या दिवशी घरातली, खिशातली, गाडीतली सगळी तंबाखू आणि चुन्याची डबी टाकून द्या. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते हे लक्षात ठेवा, तेवढा वेळ पाणी प्या, चालून या, कुणाशी तरी बोला. मध्ये एखाद्या दिवशी पाय घसरला तर आधीचे दिवस वाया गेले असं समजू नका. बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात.

टेम्पोचालकांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांची बायोप्सी केली, कॅन्सर निघाला नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू आहेत, आणि समुपदेशकाकडे तिसरी भेट झाली. आज त्यांचा एकतिसावा दिवस. मागच्या भेटीत म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्याच वेळी सुटली असती." तसं झालंच असतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण त्यांना ती संधी मिळायला हवी होती, आणि ती द्यायला शहराला शंभर रुपयांत दीड पैसाही लागला नसता.